उजवीकडून वाचायची गोष्ट

मित्रांनो, मी एक जुना मांगा आहे. कोपरे मऊ पडलेला, शिवणीत केसांचे बारीक तुकडे अडकलेला, आणि आयुष्यातली बरीच वर्षं शेवटाकडून सुरुवातीकडे वाचला गेलेला. मांगा म्हणजे चित्रांतून सांगितलेली जपानी गोष्ट. माझ्यातली गोष्ट प्रेमाची आहे. मोठ्या डोळ्यांची एक मुलगी, कपाळावर केस आलेला एक मुलगा, आणि दोघांनी एकमेकांकडे नुसतं बघण्यात घालवलेली पानंच्या पानं. हसू नका. नुसत्या बघण्यालाही पान लागतं, हे मोठे झालात की कळेल.

माझा जन्म एका चित्रकार बाईंच्या टेबलावर झाला. शाईने त्यांची बोटं कायमची काळी पडलेली. मुलगा दिसला की त्या त्याच्या डोक्यामागे फुलं काढायच्या, मग तो वर्गात असो की न्हाव्याच्या खुर्चीत. आमच्या जातीच्या गोष्टींत तशी रीतच आहे. मुलीच्या छातीतली धडधड तर एवढ्या मोठ्या अक्षरांत काढायच्या, की बिचारीला उभं राहायला जागा उरायची नाही. पण पुलावरच्या प्रसंगाशी आल्या आणि बाई अडल्या. कागद फाडले, पुन्हा काढले, जेवण थंड झालं. तो प्रसंग नीट ऐका, कारण माझं सगळं दुखणं तिथेच आहे.

पुलावर मुलगा मुलीचा हात धरतो. ती म्हणते, "सोड." त्याची बोटं उघडतात. ती म्हणते, "जा." तो पाठ फिरवून चालू लागतो. मग रिकाम्या पुलावर ती एकटी. मग तिचे धावणारे पाय. आणि शेवटी तिच्या मुठीत त्याची बाही. बस. सोड म्हटल्यावर तो सोडतो, आणि त्याने जायला नको होतं हे कळल्यावर ती स्वतः धावते, अशी ती गोष्ट आहे. बाईंनी शेवटचं चित्र पुरं केलं आणि टेबलावर डोकं टेकून झोपून गेल्या.

पुढे मी छापला गेलो, परक्या भाषेतून तुमच्या भाषेत आलो. मुलामुलीच्या तोंडचे शब्द बदलले, चित्रांची रांग मात्र मूळचीच राहिली, म्हणजे उजवीकडून डावीकडे. तुम्ही ज्याला पुस्तकाचा शेवट म्हणाल, तिथे माझी सुरुवात. लोकांची फसगत होऊ नये म्हणून छापणाऱ्यांनी माझ्या अगदी मागच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "थांबा! गोष्ट इथून सुरू होत नाही. पुस्तक उलटं करा आणि उजवीकडून वाचा." ते पान म्हणजे माझी जीभच म्हणा ना.

कुणीतरी मला एका पार्लरमध्ये विसरून गेलं. तीन खुर्च्या, तीन आरसे, डोक्यावर टोपासारखे बसणारे दोन ड्रायर आणि केसांच्या रंगाचं एक कॅलेंडर. पार्लर होतं मावशीचं. ती खरी मावशी एकाच मुलीची, पण गिऱ्हाइकंही तिला मावशीच म्हणत. ती भाची तिच्या हाताखाली केस कापायला शिकत होती. दातांत सदा पिना धरलेल्या, त्यातूनच बोलायची, म्हणून तिचं नाव पडलं पिनी.

माझ्यावर पहिल्याच आठवड्यात रंगाचे शिंतोडे उडाले. मावशीला राहवलं नाही. भिंतीला लावायचा फुलाफुलांचा कागद उरला होता, त्याचं तिने मला वेष्टन घातलं. मायेने घातलं, खोटं कशाला बोलू? पण पुस्तक डावीकडून उघडतं हे तिच्या हाताला जन्मापासून ठाऊक. तिने माझ्या पाठीला तोंड समजून त्यावर "प्रेमकथा" अशी चिठ्ठी डकवली. वेष्टनाची आतली पट्टी सुटू नये म्हणून भरपूर खळ लावली आणि नेमकी त्या "थांबा!"च्या पानावर चिकटवून टाकली. झालं! माझी जीभ टाळ्याला चिकटली. त्या दिवसापासून मी तोंड असून मुका झालो.

तुम्ही विचाराल, कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही? अहो, माझ्या पानांवर आकडे जवळजवळ नाहीतच. चित्रं कडेपर्यंत पसरलेली, आकडा बसणार कुठे? आणि ड्रायरखाली बसलेली बाई जे हातात येईल ते वाचते, वादविवाद करत नाही. एक कापडदुकानवाल्या वहिनी तर माझ्यावर जाम खूष. त्या म्हणाल्या, "मावशी, ही खरी गोष्ट बरं का! सुरुवातीला गळ्यात गळे, मग रुसवेफुगवे, आणि शेवटी समोरासमोर आले तरी ओळखसुद्धा दाखवत नाहीत. लिहिणाऱ्याने आमच्या ह्यांना बघितलंय नक्की." अख्खं पार्लर हसलं. मीही हसलो असतो, पण तोवर पिनीने मला उघडलं होतं.

पिनी मला एकदा नाही, कितीदा वाचायची. डबा खाताना, गिऱ्हाईक नसताना, एप्रनच्या खिशात घालून फिरताना. आणि पुलाचा प्रसंग तिला उलटा दिसायचा. आधी मुठीतली बाही, मग धावणारे पाय, मग एकटी मुलगी, मग त्याची पाठ. मग मुलगी म्हणते, "जा." मग त्याची अर्धी मिटलेली बोटं. चित्रातली बोटं उघडताहेत की मिटताहेत, ती हलल्याशिवाय कसं कळणार? मग मुलगी म्हणते, "सोड." आणि सर्वांत शेवटी, पानभर मोठ्ठं चित्र: तो तिचा हात घट्ट धरतो.

म्हणजे पिनीला काय कळलं? मुलीने जा म्हणावं, सोड म्हणावं, आणि खरं प्रेम असेल तर मुलगा अजिबात ऐकत नाही. त्या पानाशी आली की ती सुस्कारा सोडायची. रोज तिथेच अंगठा ठेवून ते पान पार मळलं. मी आतल्या आत ओरडायचो, अगं बाई, उलट आहे ते! पण कागदाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

अशात पार्लरचा एक ड्रायर बिघडला आणि तो दुरुस्त करायला एक तरुण आला. स्वभावाने सरळ, कामाला पक्का, पण बाईमाणसाने काही विचारलं की कान लाल आणि तोंड बंद. वहिनींनी लगेच नाव ठेवलं, "ह्याचा तर फ्यूजच उडतो!" तेव्हापासून तो फ्यूज.

पिनी खिशातून मला चाचपत त्याच्या डोक्यामागे बघायची. फुलं काही उगवायची नाहीत. मागे केसांच्या रंगाचं कॅलेंडर. तरीही तिच्या छातीत धडधड सुरू झाली, आणि खिशात असल्यामुळे ती पहिल्यांदा मला कळली. चित्रातली धडधड मी आयुष्यभर अंगावर बाळगली होती, खरी मात्र तेव्हाच ऐकली. फार छान वाटलं हो मला!

ड्रायर बरा झाला तरी फ्यूज येत राहिला. कधी वायर बघायला, कधी बटण बघायला. मावशी डोळे मिचकावून म्हणायची, "आमचा ड्रायर फार नाजूक तब्येतीचा झालाय हल्ली." चहा व्हायला लागला. "तुम्ही"चं "तू" झालं. दोघं बोलायची काय? तर ड्रायरच्या मोटरमधले ब्रश कधी झिजतात आणि कुरळे केस ओले कापायचे की कोरडे. माझ्या मुलामुलीच्या तोंडी असलं एकही वाक्य नाही. पण त्या दोघांचे चेहरे मात्र अगदी माझ्या पानांवरचे.

एके संध्याकाळी मावशी लवकर घरी गेली. पिनी शटर ओढत होती. फ्यूज पिशवी खांद्याला लावून उभा होता. बराच वेळ घसा खाकरून तो म्हणाला, "आई म्हणत होती, तुला एकदा घरी घेऊन ये. येशील?" आणि धीर करून त्याने तिचा हात धरला.

मी खिशातून जेमतेम डोकावत होतो. तिची धडधड अशी, की माझी पानं थरथरली. हो म्हण ग, हो म्हण! पण पिनीला वाटलं, आता तो प्रसंग आला. आता कळणार ह्याचं प्रेम किती खरं आहे ते. तिने चेहरा फिरवला आणि म्हणाली, "सोड."

त्याने सोडला. लगेच सोडला. कान लाल झाले. म्हणाला, "चुकलं माझं."

पिनी गोंधळली. पण तिला वाटलं, अजून एक शब्द राहिलाय. ती म्हणाली, "जा तू."

त्याने पिशवी सावरली. मान हलवली आणि निघाला. इकडे ही डोळे मिटून हात थोडा मागे धरून उभी, आता तो वळेल, आता धरेल. मित्रांनो, रस्ता मला दिसत नव्हता, पण पावलं ऐकू येत होती, आणि ती लांब चालली होती. तिच्या खिशात, तिच्या हाताशी, तिला हवं असलेलं पुढचं चित्र होतं. पूल रिकामा झाला की मुलगीच धावते ग, पिनी! तू धाव! पण मी एक वेष्टन घातलेला कागदाचा गठ्ठा. मी काय करणार होतो? ती डोळे उघडून बराच वेळ कोपऱ्याकडे बघत राहिली, मग तिने शटर पुरं ओढलं.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा, फ्यूजचं काहीही चुकलं नव्हतं. सोड म्हटलं की सोडायचंच असतं.

पिनी वाट बघत राहिली. दाराची घंटा वाजली की दातांतल्या पिना खाली पडायच्या. शेवटी तिने स्वतःच ड्रायरच्या आतली एक वायर चिमट्याने उपटली आणि मावशीला म्हणाली, "बिघडला ग पुन्हा." मावशीने निरोप धाडला. दुरुस्तीला आला एक टक्कल पडलेला काका. पिनीने विचारलं, "ते नेहमीचे नाही आले?" काका म्हणाला, "त्याने ही बाजू मला दिली. म्हणाला, तिकडे माझं जाणं आता बरं दिसत नाही." पिनी तोंड फिरवून टॉवेलच्या घड्या घालत बसली. घडी घातलेले टॉवेलही तिने पुन्हा उलगडून घातले.

त्यानंतर तिने मला खिशातून काढलं आणि फळीवर मागे सारलं. माझ्यावर रंगाच्या ट्यूबा, ट्यूबांवर कंगवे. रागावली होती ती माझ्यावर. मला वाटे, बरोबरच आहे. पण त्याहून जास्त वाटे, अगं, एकदाच उलटून बघ.

पुढे कितीतरी दिवसांनी केसांना रंग लावायला एक चष्मेवाली मुलगी आली. वाचायला काही शोधताना तिला मी सापडलो. तिने मला हातात घेतलं, चार पानं चाळली आणि सहज उलटं केलं. उजवीकडून उघडलं! माझ्या अंगावर शहारा आला.

पिनी म्हणाली, "अहो ताई, उलटं धरलंय तुम्ही."

"मी नाही हो, तुम्ही वेष्टन उलटं घातलंय. मांगा असाच वाचतात, उजवीकडून." ती हसली. "बघा ना, हा पूल. मुलगी सोड म्हणते, हा सोडतो. जा म्हणते, हा जातो. आणि मग ही वेडी धावत जाऊन त्याची बाही धरते. किती गोड आहे!"

पिनीचा ब्रश हवेतच राहिला. रंगाचा थेंब तिच्या चपलेवर पडला.

गिऱ्हाईक गेल्यावर तिने टॉवेल गरम पाण्यात बुडवून माझ्या वेष्टनावर ठेवला. खळ सैल झाली. पट्टी हळूहळू सुटली आणि खालून ते पान निघालं, अर्धं फाटलेलं, पण अक्षरं जाग्यावर. "थांबा!" पिनी खुर्ची ओढून बसली आणि तिने ते मोठ्याने वाचलं. मावशी कपाळावर हात मारून म्हणाली, "मीच चिकटवलं होतं ग ते. मला काय ठाऊक?" पिनीने हात पुसले. तिने मला मांडीवर घेतलं आणि फ्यूजला फोन लावला.

मला तिचंच बोलणं ऐकू आलं, पण तेवढं पुरे होतं.

"मी बोलतेय, पार्लरमधून... हो, पिनी. तुला एक सांगायचं होतं. त्या दिवशी मी जा म्हटलं ना, ते..." मग ती थांबली. पलीकडून तो बोलत असावा. "हो का?... कधी?... वा, लग्न ठरलं हे छान झालं. आई खूष असतील... नाही, नाही, तू काही चुकला नाहीस. मी जा म्हटलं, तू गेलास... नाही रे, विशेष काही नाही. ड्रायरचं विचारायचं होतं. आता चालतोय."

फोन ठेवून तिने मला उजवीकडून उघडलं आणि पूल येईपर्यंत पानं उलटली. हात धरल्याचं पान मळून काळं झालेलं. धावणाऱ्या पायांचं पान मात्र अजून कोरं करकरीत. तिथे ती थांबली. त्या पानावर आता तिच्या रंगाने माखलेल्या अंगठ्याचा डाग आहे, आणि तो निघू नये असं मला वाटतं.

मला नवं वेष्टन मिळालं, या खेपेला सरळ. मागच्या बाजूला पिनीने स्वतःच्या हाताने लिहिलंय, "इथून नाही." वहिनींनी मला पुन्हा वाचलं आणि नाक मुरडलं, "आता काही मजा नाही, गोड शेवट केलाय." पिनी हसली. दातांत पिना असल्या की तिचं हसू खरं की खोटं ते कळत नाही.

मित्रांनो, ओल्या हाताने धरू नका, पानं दुमडू नका, हे तर प्रत्येक पुस्तक तुम्हाला सांगतं. माझं मागणं निराळं आहे. आमच्यातली चित्रं बघा, फुलं बघा, धडधड बघा, पण चित्रावरून माणसाची परीक्षा घेऊ नका. जायला हवं असेल तरच जा म्हणा. थांबावंसं वाटत असेल तर थांब म्हणा. माझ्या तोंडाला खळ लावलेली होती, म्हणून मी गप्प राहिलो. पिनीच्या तोंडाला कुणी लावली होती?