किती काळासाठी, ते लिहून द्या

मित्रांनो, ज्या कागदाला दोन छिद्रे नाहीत त्याला या देशात अस्तित्व नाही, अशी माझी समजूत आहे. कारण मी एक जुना ऑर्डनर आहे. ऑर्डनर म्हणजे कागदपत्रांची जाड, उभी फाईल. करडा ठिपकेदार पुठ्ठा, खालच्या कडेला पत्र्याची पट्टी आणि पोटात लोखंडी कमानी, एवढाच माझा देह. मला हृदय नाही. पण ज्या कार्यालयांनी मला हाताळले, त्यांच्यात या उणिवेमुळे मी कधी परका ठरलो नाही.

जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गपासून तासाभराच्या अंतरावरील एका गावी मला धम्मदीपाबाईंनी विकत घेतले. गावाचे नाव सांगून मी त्याला मोठेपणा देणार नाही. बाई मूळच्या नागपूरच्या, धातूंच्या संशोधक. त्यांचे पती विपुल मोटारींचे अभियंता. ऐकलेली गोष्ट त्याच क्षणी तारखेसह टिपून ठेवायची, मग ते भट्टीचे तापमान असो वा माणसाचा शब्द, ही सवय बाईंना प्रयोगशाळेने लावली होती.

२०१४ साली त्यांचा सीरियन सहकारी सामेर आपल्या थोरल्या भावाला, मुनीरला, युद्धातून बाहेर काढू पाहत होता. व्हिसासाठी मुनीरच्या खर्चाची हमी येथील कोणीतरी घ्यायला हवी होती आणि सामेरचा पगार अपुरा ठरला. बाई पुढे झाल्या. कार्यालयात त्यांनी हमीपत्राची ओळ न् ओळ वाचली आणि खिडकीतल्या कारकुनाला विचारले, "ही जबाबदारी किती काळ?"

"त्याला निर्वासित म्हणून मान्यता मिळेपर्यंत."

बाईंनी माझ्यातल्या पिवळ्या दुभाजक पानावर तारीख, खिडकीचा क्रमांक, प्रश्न आणि उत्तर लिहिले. "याखाली सही कराल?"

कारकून हसला. "अहो, तोंडी माहितीवर आम्ही सही करत नसतो."

नागरिकाचा शब्द सहीवाचून पोकळ आणि कार्यालयाचा शब्द सहीवाचूनच भरीव, हा राज्यशास्त्राचा पहिला धडा मी तेथे शिकलो.

मुनीर आला. वर्षभरात त्याला मान्यता मिळाली. त्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्यांनी माझ्या टापटिपीचे कौतुक केले आणि दुसऱ्याच दिवशी, काम संपले म्हणून, माझी रवानगी तळघरात हिवाळी टायरांच्या शेजारी झाली. उपेक्षेची तक्रार मी करत नाही. टायरांची निदान दर वर्षी हिवाळ्यात आठवण निघत असे.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये कायदा बदलला. मान्यतेने हमी संपत नाही. नव्या हमीदारांसाठी पाच वर्षे, जुन्यांसाठी तीन. म्हणजे माझ्या पिवळ्या पानावरचे उत्तर मागे जाऊन खोटे ठरवण्यात आले. पुढच्या वर्षी पत्र आले: भाषा शिकताना मुनीरला मिळालेली सरकारी मदत परत करा. बाईंच्या अनेक वर्षांच्या बचतीएवढी ती रक्कम होती. बाईंनी मला तळघरातून वर आणले आणि मुदतीत हरकत नोंदवली.

सुनावणीच्या वेळी अधिकाऱ्याने मोठ्या सौजन्याने वाट दाखवली. भाषेच्या अडचणीमुळे मजकूर समजला नाही, असे बाईंनी लिहून द्यावे. मग सहानुभूतीने विचार करता येईल.

त्या संध्याकाळी विपुल म्हणाले, "अगं, एक ओळ तर आहे. लिही ना, निष्ट फेरश्टांडन, समजलं नाही. संपला विषय."

"मला समजलं होतं."

"हो, हो, मला माहितीये. त्यांना कुठे माहितीये?"

"माझ्या आजोबांनी गिरणीच्या कचेरीत अंगठा दिला होता, विपुल. पगाराचा कागद म्हणून. तो निघाला राजीनामा. त्यांना वाचता येत नव्हतं, मला येतं. आता सुटका हवी म्हणून मीच लिहून देऊ, की येत नाही?"

"आणि साठवलेलं सगळं गेलं तर?"

"तर जाईल. त्यांची चूक मी माझ्या अडाणीपणाच्या नावावर चढवणार नाही."

"आल्झो, बरं तर," विपुल अखेर म्हणाले, "लढायचंच तर त्या पिवळ्या पानाच्या दोन कॉपी काढ. एक पुरायची नाही."

बाईंनी उत्तर पाठवले: मजकूर मला पूर्णपणे समजला होता. तो ज्यांना समजला नव्हता, ते खिडकीच्या पलीकडे बसले होते. सोबत पुरावा जोडला आहे.

दोन वर्षे पत्रे येत राहिली. माझ्या कमानी मिटेनाशा झाल्या. २०१९ मध्ये तीन ओळींचे पत्र आले, वसुली सोडून दिली आहे. त्यात कोणाची चूक झाली होती याचा उल्लेख नव्हता. विपुलांनी पेढ्यांचा बेत केला. "पेढे कसले?" बाई म्हणाल्या. "जे मागायलाच नको होतं, ते सोडलं म्हणून?" त्यांनी त्या पत्राला दोन छिद्रे पाडून ते पिवळ्या पानामागे लावले.

त्याच वर्षी मुनीरची धाकटी बहीण शिकायला येणार होती आणि पुन्हा हमीदार हवा होता. बाई मला काखेत घेऊन त्याच खिडकीवर गेल्या. कारकून नवा होता.

"आपण काय करत आहात, याची कल्पना आहे ना?"

"तुमच्यापेक्षा जास्त. किती काळ?"

"पाच वर्षे."

बाईंनी मला उघडले आणि पिवळे पान त्याच्याकडे वळवले. "इथे लिहा. खाली सही. मग मी करते."

मागे रांग खोळंबली. कोणीतरी घसा खाकरला. कारकुनाने ते जुने उत्तर वाचले, पुन्हा वाचले आणि पेन उचलले.

मित्रांनो, मला जपा, अशी विनवणी मी करणार नाही. पुठ्ठा कसाही टिकतो. पण कोणी तोंडी उत्तर दिले, तर मला त्याच्यासमोर उघडा. माझ्या पोटातल्या त्या पिवळ्या पानावर आज पाचाचा एक आकडा आहे आणि त्याखाली खिडकीच्या पलीकडून झालेली पहिली सही.