आठव्या गाण्याच्या शेवटी

अल्बममध्ये आठ गाणी होती आणि सोबतच्या पुस्तिकेसाठी प्रत्येक गाण्याबद्दल चार-चार ओळी लिहून द्यायच्या होत्या. एकूण बत्तीस ओळी. एवढ्या तर ताई एरवी भाजी निवडता निवडता लिहून टाकायची. पण पंधरा दिवस झाले तरी कागद कोरा तो कोराच. रोज सकाळी ती जेवणाच्या टेबलाशी बसायची, कानाला हेडफोन लावायची आणि गाणी ऐकायची सोडून गाण्यांच्या खाली, मागे, मधल्या फटींत काहीतरी शोधत राहायची.

ती शोधत होती धाकट्या भावाची गुणगुण.

घरात सगळे त्याला भुंगा म्हणायचे. चाळीस वर्षं त्यानं तिच्या गाण्यांना गिटारची साथ केली आणि चाळीस वर्षांत त्याचं तोंड काही बंद राहिलं नाही. त्याच्या वाट्याचा सूर सगळा बोटांतच संपला असावा, गळ्यापर्यंत काही पोचलाच नाही. बोटं रंगात आली की घशातून आपोआप बेसूर गुणगुण सुरू व्हायची आणि थेट ताईच्या माइकमध्ये जाऊन बसायची. त्याला वेगळ्या खोलीत बसवावं, तर त्याचा हात दिसल्याशिवाय हिला गाता येत नसे. मग आधीच्या प्रत्येक अल्बममधून ती गुणगुण तिनं रेकॉर्डिस्टकडून तांदळातले खडे वेचावेत तशी वेचून काढून घेतली होती.

या वेळी तर तिनं कहरच केला. पहिल्याच दिवशी पर्समधून निळ्या चौकड्यांचा रुमाल काढला, त्याची घडी घातली आणि "दातात धर" म्हणून भावाला फर्मावलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, दोन मुलींचा बाप, पण त्यानं मुकाट्यानं धरला. रेकॉर्डिस्टची हसून हसून पुरेवाट झाली. चार दिवसांत आठही गाणी झाली, अगदी स्वच्छ. ताईनं त्याची पाठ थोपटली होती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, भर दुपारी, बुटाची नाडी बांधायला भुंगा खाली वाकला तो पुन्हा उठलाच नाही.

महिन्याभरानं भावजयीचा फोन आला. तिला एवढंच विचारायचं होतं. घरात त्याचे फोटो ढीगभर होते, पण आवाज कुठेच नव्हता. फोनवर चित्रण करायचं तर ते नेहमी दुसऱ्यांचं, आणि करताना स्वतः गप्प. "ताई, नव्या गाण्यांत तो गुणगुणत असेल ना हो? या वेळी तेवढं काढू नका. माझ्यासाठी राहू द्या." ताई हो म्हणाली. रुमालाचं सांगायचा तिला धीरच झाला नाही.

तेव्हापासून ती ऐकत होती. पहिलं गाणं आईच्या शिवणयंत्राचं. लहानपणी दोघं त्या यंत्राशेजारी बसून चिंध्या गोळा करायची, आणि त्याची ती खटखट भुंग्यानं तारांवर हुबेहूब उतरवली होती. इथे तो हमखास गुणगुणला असता. तिसरं ताईच्या मोडलेल्या संसाराचं. त्यात एका ओळीवर तिचा आवाज दाटून आला, तेव्हा त्यानं एक आवर्तन जास्त वाजवून तिला सावरून घेतलं होतं. बाहेरच्या माणसाला कळणारही नाही. पाचवं त्याच्या मुलींचं, सगळ्यांत खट्याळ. ते वाजवताना रुमाल चावून चावून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आपण तेव्हा हसलो होतो, हेही तिला आठवलं आणि स्वतःचीच चीड आली. गुणगुण मात्र कुठेच नव्हती. आपण भुंग्याला चांगलाच गप्प केला होता.

शेवटी ती रेकॉर्डिस्टकडे गेली, त्याला सगळं सांगितलं आणि काटछाट होण्याआधीचं मूळ रेकॉर्डिंग तपासायला लावलं. तो बिचारा दोन दिवस कान लावून बसला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं तिला बोलावून घेतलं आणि शेवटचा तुकडा लावला. आठवं गाणं संपून शेवटच्या तारेचा नाद विरला होता. पाच सेकंद काही नाही. मग कापडाची सळसळ. मग भुंगा.

"ताई, आता बोलू का? एक सांगायचं होतं."

आणि त्यावर लगेच तिचाच आवाज. "थांब रे. लाल दिवा चालू आहे अजून."

मग खट् आवाज झाला. रेकॉर्डिंग तिथेच बंद झालं होतं.

रेकॉर्डिंगचा दिवा बंद झाल्यावर तो काय म्हणाला होता, असं तिनं विचारलं. रेकॉर्डिस्टला आठवेना. तिलाही आठवेना. चहा आला होता, दुसऱ्या गाण्याच्या लांबीवरून तिनं रेकॉर्डिस्टशी वाद घातला होता, आणि भुंगा कोपऱ्यात गिटार पुसत बसला होता.

तुमचं वाक्य काढून टाकतो, नुसतं त्याचं राहील, असं रेकॉर्डिस्टनं सुचवलं. ताईला त्याहून बरं सुचलं. तिला त्या जागी नवं उत्तर घालायचं होतं. ती माइकसमोर उभी राहिली, लाल दिवा लागला. कानात भुंग्यानं विचारलं आणि ती म्हणाली, "बोल रे." ते तिला खोटं वाटलं. पुन्हा म्हणाली. नऊ वेळा म्हणाली. दर वेळी तो विचारायचा, ही बोल म्हणायची, आणि तो काहीच बोलायचा नाही. दहाव्या वेळी तिनं कानावरचे हेडफोन काढून ठेवले. ती तिथेच फरशीवर बसली आणि ढसाढसा रडली. रेकॉर्डिस्टनं दिवा बंद केला.

"होतं तसंच ठेव," ती म्हणाली.

भावजयीकडे जाऊन तिनं तेवढा तुकडा ऐकवला. भावजयीनं तो सहा वेळा ऐकला.

"काय सांगायचं होतं त्याला?"

"माहीत नाही गं. मी विचारलंच नाही."

मग ताईनं रुमालाचंही सांगून टाकलं. भावजय उठली आणि कपाटातून निळ्या चौकड्यांचा रुमाल घेऊन आली. धुतलेला, इस्त्री केलेला. ताईचा आहे, परत द्यायचाय, म्हणून भुंग्यानं तो वेगळा काढून ठेवला होता.

त्या रात्री सात गाण्यांच्या ओळी ताईनं एका बैठकीत लिहून काढल्या. आठव्यासाठी चार ओळी काही जमल्या नाहीत. तिनं एवढंच लिहिलं: "गाणं संपलं की लगेच बंद करू नका. माझा भाऊ काहीतरी विचारतो. मी त्याला बोलू दिलं नाही."