नोंदणी क्रमांक एक

परिषदेचा तिसरा मेल आला तेव्हा मी एका आजोबांना शर्टाचं बटण लावायला शिकवत होते आणि ते माझ्यावर भडकले होते.

"मी तीस वर्षं बँकेत मॅनेजर होतो," ते म्हणाले.

"असाल. पण बटण अजून उघडंच आहे," मी म्हटलं.

माझं काम हेच. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. झटका येऊन हात लुळा पडलेल्या माणसाला पुन्हा आपल्या हाताने घास घेता यावा, केस विंचरता यावेत, कुलूप उघडता यावं, यासाठी आमचा विभाग. लोक आम्हाला सरसकट फिजिओ म्हणतात. एकोणीस वर्षं मी ते दुरुस्त करतेय. माझ्या सासूबाई तर अजून 'मालिशवाली' म्हणतात, त्यांच्यापुढे मी हात टेकलेत.

आम्हा थेरपिस्टांची नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेच्या त्या मेलमध्ये लिहिलं होतं की थेरपिस्टांचं जुनं रजिस्टर आता कॉम्प्युटरवर चढतंय, प्रत्येकाने आपली माहिती नव्याने भरावी, मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत. विभागातल्या सगळ्यांच्या मागे लागून महिनाभरापूर्वी मीच फॉर्म भरून घेतले होते. स्वतःचा राहिला होता. विभागप्रमुख झालं की माणूस असंच करतं, दुसऱ्यांचे कान पिळण्यात आपलं काम विसरतं.

जेवणाच्या सुट्टीत सरावाच्या स्वयंपाकघरात बसून फॉर्म उघडला. ही खोली मला आवडते. खरा ओटा, खरी शेगडी, जाड मुठीचे चमचे, एका हाताने उघडायचे डबे. पेशंट इथे चहा करायला शिकतात आणि पहिला बेचव कप नेहमी माझ्या नशिबी येतो. नाव, पत्ता, पदवी, सगळं झरझर भरलं. मग रकाना आला: ज्यांच्या देखरेखीखाली एक हजार तासांचा सराव पूर्ण केला, त्यांचा नोंदणी क्रमांक.

मी ऐटीत एकचा आकडा टाकला.

खाली लाल अक्षरं उमटली. 'अशी नोंद अस्तित्वात नाही.'

मला हसूच आलं. कारण तो नंबर बाईंचा होता. बाई म्हणजे आमच्या गुरू. दोन खोल्या आणि एक मोडकं टेबल यावर हा विभाग त्यांनी उभा केला. परिषद स्थापन झाली तेव्हा नोंदणीचे नियम लिहिणाऱ्या समितीत त्या होत्या. माझ्या सर्टिफिकेटवर त्यांची लफ्फेदार सही आणि खाली 'नोंदणी क्र. १' असं आहे. माझ्या आईने ते फ्रेम करून बैठकीत लावलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. पुन्हा एक टाकला. पुन्हा तेच. शून्य शून्य एक टाकून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

परिषदेच्या कार्यालयात फोन लावून माझं नाव सांगितलं. तिथल्या कारकुनाचा आवाज झोपाळू होता.

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी घोळ आहे," मी म्हटलं. "एक नंबर दिसत नाही."

"घोळ नाही मॅडम. रजिस्टर दोनपासून सुरू होतं."

"म्हणजे काय?"

"मूळ वही माझ्यासमोरच आहे. पहिली ओळ कोरी आहे. त्यावर कधी कुणाचं नाव चढलंच नाही."

कोरी? मी त्याला पुन्हा बघायला लावलं, पान उलटून बघायला लावलं. बिचाऱ्याने उलटलं. बाईंचं नाव कुठेच नव्हतं.

"अहो, मग त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बाकीच्यांचं काय? चाळीस जणी तरी असतील."

"त्यांनी सगळ्यांनी तुमचा नंबर टाकलाय. सर्टिफिकेटवर बाईंच्या सहीखाली तुमचीही सही आहे ना. तुम्ही सही केली तेव्हा तुमचं नाव रजिस्टरला होतं, त्यामुळे त्यांचं काही अडत नाही. तुमच्या सर्टिफिकेटवर मात्र एकच सही आहे."

खरं होतं ते. परिषद झाल्यावर बाईंच्या हाताखाली तयार झालेली पहिली मीच. त्यानंतरच्या प्रत्येक मुलीच्या कागदावर बाई मला खाली सही करायला लावायच्या. 'सवय असू दे', म्हणायच्या. मी तो मान समजत होते. दर वेळी मनातल्या मनात फुगायचे.

"आता मी काय करायचं?" मी विचारलं.

त्याने आवाज खाली आणला. "सोपं आहे. कुठलाही जुना नंबर टाका. बारा टाका, सतरा टाका. फॉर्म पुढे सरकतो. कोण बघतंय?"

"आणि खरं लिहिलं तर?"

"तर नोंदणी थांबते. कुणातरी नोंदणीकृत थेरपिस्टच्या देखरेखीखाली सहा महिने काढायचे, मग परत चालू. देखरेख मंजूर होईपर्यंत पेशंटला हात लावायचा नाही. कलम चार."

कलम चार मला काय सांगतो हा! नोंदणी नसलेल्या व्यक्तीने उपचारासाठी रुग्णाच्या अंगाला हात लावू नये. ते बाईंनीच लिहिलंय. नव्या मुलीकडून पहिल्या दिवशी तोंडपाठ म्हणून घ्यायच्या.

नवऱ्याला फोन केला. तो आधी हसला. "म्हणजे एकोणीस वर्षं मी बोगस बाईबरोबर संसार केला?" मी फोन आपटला. दोन मिनिटांनी त्याचाच आला. "ऐक, टाक कुणाचा तरी नंबर आणि मोकळी हो. लोक काय काय पचवतात. तुझी चूक काय यात?"

माझी चूक काहीच नव्हती, आणि तेच तर झोंबत होतं. खरं लिहिलं तर विभागप्रमुखाची खुर्ची जाणार, मी पुन्हा शिकाऊ होणार, आणि माझे सगळे पेशंट दुसऱ्याच्या हाती जाणार.

चार वाजता बाईंच्या खोलीत गेले. हो, बाई आमच्याच रुग्णालयात होत्या. पाच आठवड्यांपूर्वी त्यांना झटका आला, उजवी बाजू गेली. बोलणं सावकाश पण स्वच्छ होतं. रोज चारला मी त्यांच्या हातावर काम करायचे. दुसऱ्या कुणाला त्या हात लावू देत नव्हत्या. खिडकीपाशी खुर्चीत बसून, उजवा हात उशीवर ठेवून माझी वाट बघत होत्या.

"तीन मिनिटं उशीर," त्या म्हणाल्या.

"बाई, रजिस्टर दोनपासून सुरू होतं."

मला वाटलं होतं, त्या चकित होतील. रागावतील, त्या कारकुनाचा उद्धार करतील. मग आम्ही दोघी मिळून परिषदेला धारेवर धरू. बाईंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "कळलं एकदाचं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"फॉर्मवर रकाना होता ग. देखरेख करणाऱ्याची सही. तो मीच घालायला लावला होता, भांडून. माझ्या आधी इथे कुणी नव्हतंच. मी कुणाची सही आणू? समितीतले म्हणाले, तुम्हाला सूट देऊ. मी म्हटलं, नियम करणारीलाच सूट? लोक तोंडात शेण घालतील. पहिली ओळ मोकळी ठेवा, आधी सगळ्यांचं होऊ दे, मग माझं बघू."

"मग?"

"मग राहून गेलं."

"राहून गेलं?" मी ओरडलेच. बाईंवर आवाज चढवायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. "दूध आणायचं राहून जातं, बाई! आणि तो नंबर? तो मात्र न विसरता लिहीत होतात!"

"ओळ माझीच होती. आज भरू, उद्या भरू करत लिहीत गेले. नंतर लाज वाटायला लागली. इतकी वर्षं झाल्यावर कुठल्या तोंडाने फॉर्म मागणार?"

"माझी सही खाली कशाला घेत होतात?"

"पोरींचं नुकसान नको म्हणून."

"आणि माझं?"

बाई खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "तुला सांगितलं असतं तर तू निघून गेली असतीस. मला तुझ्यासारखी दुसरी मिळाली नसती."

मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला. चाळीस जणींची सोय लावली या बाईने, फक्त मला उघड्यावर ठेवलं. का, तर मी लाडकी म्हणून!

"आता रडत बसू नकोस," बाई म्हणाल्या. "टाक कुणाचा तरी नंबर. कोण बघतंय?"

तिथे मात्र मी हादरले. कारकुनाने म्हटलं तेव्हा काही वाटलं नव्हतं, नवऱ्याने म्हटलं तेव्हाही नाही. पण बाई? शिकाऊ असताना मी एकदा पेशंटच्या नोंदीत चाळीस मिनिटांऐवजी पन्नास लिहिली, तर याच बाईंनी मला सगळ्यांसमोर उभं करून ती नोंद खोडायला लावली होती. समोर कुणी अनोळखी म्हातारी बसली होती.

मी फोन काढला. तत्त्वासाठी केलं असं म्हणायला मला आवडेल, पण खरं सांगायचं तर संतापाच्या भरात केलं. रकान्याशेजारी 'इतर' म्हणून जागा होती. तिथे लिहिलं: 'देखरेख करणाऱ्या व्यक्तीची नोंदणी नव्हती.' आणि बाईंच्या डोळ्यांदेखत बटण दाबलं. लगेच उत्तर आलं. आपली नोंदणी या क्षणापासून स्थगित करण्यात येत आहे. मी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"मूर्ख आहेस," बाई म्हणाल्या. मग नेहमीसारखं डाव्या हाताने उजवा हात उचलून माझ्यापुढे केला. "असो. सव्वाचार वाजले. चल, धर."

काल याच हाताची बोटं पहिल्यांदा रिकाम्या कपाभोवती वळली होती. आज कप उचलून बघायचा असं आमचं ठरलं होतं. माझे हात आपोआप पुढे गेले, आणि मी ते मागे घेतले.

"मला नाही धरता येत, बाई. कलम चार."

"खोलीत कोण आहे बघायला?"

"तुम्ही आहात."

मी दार उघडून चिमणीला हाक मारली. चिमणी आमची सगळ्यात नवी थेरपिस्ट, आवाज बारीक म्हणून मीच ठेवलेलं नाव. शिकली दुसऱ्या शहरात, त्यामुळे आमच्या विभागात बाईंचा किंवा माझा हात न लागलेला कागद फक्त तिचा. दारातच तिला चार वाक्यांत सगळं सांगितलं. तिचे डोळे पांढरे झाले.

"म्हणजे मी तुमच्यावर देखरेख ठेवायची? मॅडम, सकाळीच तुम्ही मला फाइलवरून झापलंत!"

"फाइल चुकलेलीच होती. जा, बाईंचा हात धर."

ती बाईंसमोर स्टुलावर बसली, घाबरत घाबरत मनगटाखाली हात दिला. बाईंनी हात मागे घेतला नाही. त्या तिच्याकडे बघतही नव्हत्या. मी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होते, आणि त्यांची नजर माझ्या त्या घडी घातलेल्या हातांवर खिळली होती. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उतरत गेलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं, कुणीच पाहिलं नसेल.

"अग," त्या मला म्हणाल्या, "तुला हात लावता येत नाही, मग मी इतकी वर्षं किती जणांना हात लावला?"

चिमणीने माझ्याकडे पाहिलं. हजारो होते ते. त्यांच्यातले कितीतरी आज आपल्या हाताने जेवत होते.

"सांग ना ग," बाई म्हणाल्या, आणि हमसून हमसून रडायला लागल्या. त्यांचे डोळे पुसायला मी पुढे झाले, आणि हे उपचारात मोडतं की नाही, ते मला कळेना.