बाईंची खोली

चादरींच्या घड्यांमागे हात घालून तिने आपली पिशवी ओढून काढली, उशी काखेत मारली आणि कोठीचं दार पायाने लोटून ती जिन्याला लागली. खाली दिवाणखान्यात पाहुण्यांचा दुपारचा चहा चालला होता. सासऱ्यांचा आवाज वरपर्यंत येत होता. म्हणजे घराचा इतिहास सुरू झाला होता आणि आता थोडा वेळ तरी तिला कोणी हाक मारणार नव्हतं.

नदीकाठचं हे व्हिक्टोरियन धाटणीचं घर सासऱ्यांनी घेतलं आणि त्याचं अतिथिगृह केलं, तेव्हा ती नवी नवरी होती. तेव्हापासून ती पिशवीतच राहत आली होती. घरच्यांना ठरलेली खोली नव्हती. जी रिकामी असेल तिथे झोपायचं, सगळ्या भरल्या तर चादरींच्या कोठीत, गरम पाण्याच्या बंबाशेजारी. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान दुसऱ्यांचे पलंग तरी आवरावे लागत नाहीत. अवेळी कोणाची गाडी दारात उभी राहिली की नवरा हलकेच तिचा खांदा हलवायचा. ती उठायची आणि आपण ऊब आणलेल्या गादीवर पाहुण्यांसाठी नवी चादर घालायची.

नवरा भला माणूस होता. आपल्याला काय, पाठ टेकायला जागा मिळाली की झालं, असं तो म्हणायचा, आणि त्याची पाठ खरोखरच कुठेही टेकायची. सासरे अतिथिगृहाच्या कचेरीतल्या बाकावर झोपत आणि पाहुण्यांना ते कौतुकाने सांगत. राहता राहिली ती. तिला एक खोली हवी होती, जिचं दार आतून लावता येईल आणि जिथून तिला कोणी उठवणार नाही. हे तिने आजवर दोनदा बोलून दाखवलं होतं आणि दोन्ही वेळा सगळे मनापासून हसले होते.

आज सकाळी कोपऱ्यातल्या खोलीचे पाहुणे येत नसल्याचा फोन आला. नवरा फळ्यावरचं त्यांचं नाव पुसत होता.

"आज मी तिथे राहणार आहे," ती म्हणाली.

"बघू ना. संध्याकाळपर्यंत कोणी आलं तर..."

"कोणी आलं तरी."

तो फडकं हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला. तिचं तिलाच नवल वाटलं.

कोपऱ्यातली खोली म्हणजे घराचा दागिना. भिंतीबाहेर डोकावणारी, तिन्ही बाजूंनी काचांची खिडकी, वर लाकडी नक्षीची झालर, खाली नदी. इथल्या काचा तिने इतकी वर्षं पुसल्या होत्या, पण खिडकीतल्या खुर्चीवर कधी बसली नव्हती. आजही बसली नाही. दोन्ही हातांनी जोर लावून तिने दाराची कडी सरकवली, उजेड डोळ्यांवर येत होता म्हणून पडदा ओढला, चपला काढल्या आणि ती पलंगावर सरळ आडवी झाली. छताला ओल आली होती. तिने त्या ओलीकडे दुर्लक्ष केलं.

डोळा लागतो न लागतो तोच जिन्यावर पावलं वाजली. इतिहास वर येत होता. तो तिला तोंडपाठ होता. कोरीव कठडा, होडीतून आणलेल्या रंगीत काचा, त्यातल्या वाटेत फुटलेल्या दोन, आणि मग या दारापाशी घर बांधणाऱ्या लाकडाच्या व्यापाऱ्याची बायको.

"बाईंना नदीचं वेड होतं," सासरे बाहेर सांगत होते. "या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. पुढे आयुष्यभर खिडकीत बसून नदी पाहिली. फारशा खाली उतरल्याच नाहीत."

ज्यांच्याकडून घर घेतलं त्या म्हाताऱ्या मास्तरांनी किल्ल्या देताना एवढं तिखटमीठ लावलं नव्हतं. त्या वेळी ती सासऱ्यांच्या शेजारीच उभी होती. व्यापाऱ्याकडे बारा महिने माणसं उतरायची, मास्तर म्हणाले होते. तराफेवाले, दलाल, त्यांचे सोबती. सगळ्यांचं जेवणखाण घरातच. आणि एक दिवस बाई वर गेल्या आणि दार लावून बसल्या. बस, इतकंच. पण पाहुणे 'का?' असं विचारायचे, आणि सासऱ्यांना कोणाला रिकाम्या हाताने परत पाठवायची सवय नव्हती. पहिल्या वर्षी गोष्टीतल्या बाईंना नुसती नदी आवडायची. वेड नंतर लागलं.

दाराची मूठ फिरली. दार उघडलं नाही.

"सूनबाई?"

तिचे पाय आपोआप खाली येऊन चपला शोधू लागले. इतक्या वर्षांची सवय. तिने ते पुन्हा पलंगावर ओढून घेतले.

बाहेर नवरा काहीतरी पुटपुटला. मग सासऱ्यांचा आवाज आला, अगदी कौतुकाने भरलेला. "आत आमची सून आहे. तिचंही बाईंसारखंच आहे हो. नदी दिसली की तिला दुसरं काही सुचत नाही. या खोलीचा गुणच आहे तो!"

कोणीतरी किती छान म्हणालं. कोणीतरी बंद दाराचा फोटो काढला. पाहुणे आवाज खाली आणून बोलू लागले.

खोली मिळाली होती, पण आता गप्प राहिली तर उद्यापासून रोज चहानंतर तिची गोष्ट सांगितली जाणार होती. वर्षभरात तिलाही वेड लागणार होतं. ती उठली. तिने कडी सरकवली. दार उघडलं तेव्हा पाहुण्यांना उशीच्या वळ्या उमटलेला एक गाल दिसला, आणि तिच्यामागे खिडकीवर बंद केलेला पडदा.

"नदीचं काही नाही," ती म्हणाली. "मी दमलेय."

"सूनबाई, पाहुणे..."

"त्या बाईही दमल्या असतील, बाबा. एवढी माणसं उतरायची घरात."

"मास्तरांनी तसं काही सांगितलं नव्हतं."

"नदीचंही सांगितलं नव्हतं."

तिने दार लावलं आणि पुन्हा कडी घातली. यानंतर सासरे रोज 'चला, आता मागचा सज्जा' असं म्हणत. ते म्हणाले नाहीत. मग पाहुण्यांपैकी एका बाईने हळूच विचारलं,

"तुमच्या सूनबाई एरवी झोपतात कुठे?"

या घराबद्दल कोणी काही विचारलं आणि सासऱ्यांना उत्तर सुचलं नाही, असं आजवर कधी झालं नव्हतं. ती पलंगाच्या काठावर बसली आणि दाराकडे तोंड करून ऐकत राहिली.