अठरा किलोमीटर

रामहरीने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिसऱ्या इंजेक्टरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. गाडी उभ्या जागी थरथरत होती. मागून पांढुरका, डोळ्यांना झोंबणारा धूर निघत होता. तो शेजारच्या रसवंतीत शिरत असल्याने रसवंतीवाला दर पाच मिनिटांनी बाहेर येऊन खोकून दाखवत होता.

शेवगावात पैठण रस्त्याला रामहरीचं गॅरेज आहे. तीस वर्षं तो डिझेल गाड्यांची कामं करतो. गाडी स्वतः बोलते, आपण फक्त ऐकायचं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारताही सांगत असे. पण ही दोन हजार नऊ सालची गाडी चार महिन्यांत तिसऱ्यांदा दारात उभी होती. पहिल्या खेपेला त्याने ऑइल आणि फिल्टर बदलले. दुसऱ्या खेपेला ग्लो प्लग नवे घातले आणि डिझेल फवारणारे नोझल नगरला पाठवून साफ करून आणले. दर वेळी गाडी दारातून शहाण्यासारखी जायची आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा धूर आणि पुन्हा थरथर.

त्यातून गाडी दयाबाईंची. दयाबाईंनी त्याला चौथीत शिकवलं होतं. चौथीतल्या बाईंसमोर पन्नाशीत नापास व्हायची वेळ आली की माणूस आतून चिडतो, तसा तो चिडला होता. बाई स्वतः कधी आल्या नाहीत. त्यांचा पुतण्या रॉबिन बँकेत जाताना गाडी आणून लावायचा आणि दर वेळी एकच निरोप द्यायचा, की लवकर करा, काका जेवत नाहीत. गाडीच्या धुराचा आणि काकांच्या जेवणाचा संबंध रामहरीला कळला नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

या वेळी त्याने ठरवून टाकलं. हेड गॅसकेट गेलं असणार, इंजिन खोलायचं. पंधरा दिवस गाडी राहील, असं त्याने रॉबिनला फोनवर सांगितलं. अर्ध्या तासाने बाईंचा निरोप आला की पंधरा दिवस जमणार नाही, दोन दिवससुद्धा अवघड आहे. रामहरीला राग आला. निवृत्त बाईंना रोज असं कुठं जायचं असतं?

गाडी बाजूला घ्यायला त्याने दार उघडलं आणि दाराच्या कडेला आपणच चिकटवलेली चिठ्ठी त्याला दिसली. ऑइल बदलल्यावर किलोमीटरचा आकडा लिहून तो अशी चिठ्ठी प्रत्येक गाडीला लावतो, आणि पुढच्या ऑइलपर्यंत ती कोणी वाचत नाही. एक लाख अडतीस हजार चारशे बारा. समोर मीटरवर चारशे तीस. चार महिन्यांत अठरा किलोमीटर, आणि त्यातले दहा तर त्याने स्वतःच ट्रायल मारताना घातलेले.

डिझेलचा काटा मात्र तळाला गेला होता. पहिल्या खेपेला पाऊण टाकी होती, हे त्याला पक्कं आठवत होतं. म्हणजे कोणीतरी डिझेल काढतंय, असं त्याने ठरवलं. संशय थेट रॉबिनवर. थरथर तात्पुरती थांबेल एवढे नोझल पुसून दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन स्वतः बाईंच्या घरी गेला.

बाईंनी त्याला बसायलाही सांगितलं नाही. किल्ली घेतली, घड्याळात पाहिलं आणि अंगणात घराच्या खिडकीजवळ उभ्या केलेल्या गाडीत बसून ती चालू केली. मग उतरून घरात गेल्या. गाडी तशीच धडधडत राहिली. खिडकीच्या आत खाटेवर बाईंचे यजमान कृपादान उशीला टेकून बसले होते. बाई त्यांना चमच्याने खिमट भरवत होत्या. अर्धा तास ते चाललं. वाटी संपली, बाईंनी तोंड पुसलं आणि येऊन गाडी बंद केली.

रामहरीला सगळं कळलं आणि तो ओशाळला. डिझेल कोणी चोरत नव्हतं. ते इथं रोज अर्धा अर्धा तास जळत होतं.

"बाई, हे रोज करता तुमी?"

"रोज. आठ वाजता."

"मला सांगायचं ना."

"तू विचारलंस का?" बाई म्हणाल्या. अगदी चौथीत म्हणायच्या तशा.

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. कृपादान बत्तीस वर्षं आरोग्य खात्याच्या लसीच्या गाडीवर ड्रायव्हर होते. आठला गाडी चालू करायची, ती गरम होईतो न्याहारी करायची आणि निघायचं. दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. बाकी बरंच विसरले, हे मात्र विसरले नाहीत. गाडी चालू झाल्याशिवाय घास घेत नाहीत, आणि ती थरथरायला लागली की तोंड मिटून घेतात. आधी तिचं बघ, म्हणतात. बाईंना गाडी चालू करता यायची, चालवता येत नव्हती.

रामहरीने पंधरा दिवस मागितले होते. ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने समजावून सांगितलं, की गाडीला कसलाच आजार नाही. डिझेल इंजिन उभ्या उभ्या नीट तापत नाही. अर्धवट जळलेलं डिझेल नोझलवर काजळी धरतं आणि मग धूर होतो. तिला ओझं पाहिजे, चढ पाहिजे. आठवड्याला एकदा घाट दाखवला तरी पुष्कळ.

"कोण दाखवणार?" बाईंनी विचारलं.

गॅरेजला शुक्रवारी सुट्टी असते. त्या शुक्रवारी रामहरी आणि रॉबिनने कृपादानांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, बाई मागे बसल्या. तिसगाव ओलांडून करंजी घाट लागला तशी गाडी कुंथायला लागली. मागे काळ्या धुराचा लोट. रामहरी मुद्दाम तिला दाबत होता.

"दुसरा टाक," कृपादान म्हणाले. "रडती हाय ती."

रामहरीने क्लच दाबला. त्याचा हात जाण्याआधीच कृपादानांचा उजवा हात गिअरवर आला होता. आयुष्यभर त्यांनी गिअर डाव्या हाताने टाकला. तो हात मांडीवर पडून होता. उजवा जरा चाचपडला आणि दुसरा गिअर लागला, आवाज न होता. घाट संपेपर्यंत धूर पातळ झाला होता. परतताना गाडी नाक्यावर थांबली तेव्हा ती चालू आहे की नाही हे बघायला रामहरीला इंजिनाच्या काट्याकडे पाहावं लागलं.

मग शुक्रवार ठरूनच गेला. रामहरीची बायको कडूबाई म्हणायची, घरच्यांना कधी एवढं फिरवलं न्हाई. ते खरं होतं. घाटात क्लच रामहरीचा आणि गिअर कृपादानांचा. रोज आठ वाजता गाडी एका चावीत लागत होती, आणि वाटी संपत होती.

असे एकोणीस शुक्रवार झाले. फेब्रुवारीत कृपादान झोपेतच गेले. रामहरी दफनाला गेला, मूठभर माती टाकली आणि गॅरेजवर परतला. आता बाई गाडी विकून टाकणार, असं तो धरून चालला. गिऱ्हाईकही मनात हेरून ठेवलं.

तीन आठवड्यांनी गुरुवारी बाईंचा फोन आला. गाडी तीन आठवडे उभी आहे, उद्या तुला सवड आहे का, एवढंच त्यांनी विचारलं.

शुक्रवारी बाई पुढे बसल्या. पट्टा त्यांनी आपला आपण लावला. करंजी घाटाच्या दुसऱ्या वळणावर गाडी कुंथली. रामहरीने क्लच दाबला आणि गिअरकडे हात न नेता तो थांबला. आपण थांबलोय हे त्याच्या लगेच लक्षात आलं नाही. गाडीचा वेग मरत गेला, मागच्या ट्रकने हॉर्न दिला.

बाई समोर रस्त्याकडे बघत होत्या.

"टाक तूच," त्या म्हणाल्या.

रामहरीने गिअर टाकला. गाडी चढाला लागली. आरशात मागचा ट्रक स्वच्छ दिसत होता.