चार दिवसांचा शेजार

वहिनीच्या हातात एक वेगळीच कला होती, माणूस पुसून टाकायची. ऐकायला बरं वाटत नाही, पण काम तेच होतं. सुट्टीला आलेले पाहुणे घर सोडून गेले की नवे यायच्या आत वहिनी आणि तिची नणंद आत शिरायच्या, आणि बाहेर पडायच्या तेव्हा त्या घरात कधी कोणी झोपलं, जेवलं, भांडलं असेल यावर विश्वास बसू नये. उशीवरचा केस, आरशावरचा बोटाचा ठसा, न्हाणीघरात रेंगाळलेला परक्या साबणाचा वास, काही म्हणजे काही राहता कामा नये.

"मागच्याचा मागमूस पुढच्याला लागला की आपली मेहनत पाण्यात," ती नणंदेला बजावायची.

"माणसंच राहून गेलीत ना? भुतं तर नाहीत?"

"भुतं बरी हो वन्सं. ती चादरी मळवत नाहीत."

इमारत तशी साधीच, मधे चौक आणि भोवती फिरणारा जिना. थोरले मालक होते तोवर प्रत्येक दारामागे एक संसार होता. सुईण होती, घड्याळजी होता, सदा घसा बसलेले गाण्याचे मास्तर होते. थोरले मालक गेले, कारभार धाकट्या मालकांच्या हाती आला, आणि एकेका दारावरची घंटा जाऊन तिथे आकडे दाबायचं कुलूप बसलं. हे मालक काही वाईट बोलायचे नाहीत. उलट बोलणं इतकं गोड, की मुंग्या लागाव्यात. करार संपला की "तुम्हाला याहून चांगलं मिळेल" म्हणायचे आणि सामान उतरवायला माणसंही स्वतःच पाठवायचे. सुईण लेकीकडे गेली, घड्याळजीने दुकानाच्या माळ्यावर पथारी टाकली. मास्तर कुठे गेले ते कोणालाच कळलं नाही. नणंद याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायची. आता ती बस जिथे वळून परत फिरते त्याच्याही पलीकडे राहायला गेली होती, आणि ज्या खोलीत तिची बाळंतपणं झाली तीच खोली रोज येऊन झाडत होती.

उरलं होतं फक्त पहिल्या मजल्यावरचं डावीकडचं घर. तिथे वहिनी आणि तिचे सासरे राहायचे. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे तो घरी कमी आणि फोनवर जास्त. सासऱ्यांना ती मामंजी म्हणायची. त्यांच्या डोळ्यांत सावल्यांखेरीज काही उरलं नव्हतं, पण घरात ते काठीशिवाय फिरायचे. कुठल्या भिंतीला कुठे पोपडा आहे हे त्यांच्या तळहाताला ठाऊक होतं.

एका सकाळी मालकांचा फोन आला. "वहिनी, उद्या विम्यासाठी घराचे फोटो काढायला माणूस येतोय. जरा आवरून ठेवा हं. तुम्हाला काय सांगायचं म्हणा, तुम्ही तर त्यातल्या उस्ताद."

कोणी आपल्या कामाचं कौतुक केलं की कुणालाही हुरूप येतो. वहिनीने पदर खोचला. औषधांच्या बाटल्या, खुंटीवरचे सदरे, पायपुसणं, नवऱ्याच्या जुन्या चपला, सगळं कपाटात कोंबलं. चादर अशी ताणली की वर नाणं टाकलं तर उडावं. नव्या टॉवेलांच्या घड्या पाहुण्यांच्या घरात घालते तशाच घातल्या आणि पायथ्याशी ठेवल्या. मामंजींची खुर्ची खिडकीचा उजेड अडवत होती, ती तिने कोपऱ्यात सरकवली.

"अगं सूनबाई, मलाही घडी घालून फळीवर ठेव," मामंजी म्हणाले. "फोटोत सुरकुत्या दिसायला नकोत."

"तुमची घडी घालायला दोघीजणी लागतील मामंजी. वन्सं येऊ देत."

ते हसत हसत नेहमीच्या जागी खुर्चीत बसायला गेले आणि धाडकन जमिनीवर आले. खुर्ची तिथे होतीच कुठे! हाड मोडलं नाही ही देवाची कृपा. वहिनीने कंबरेला तेल चोळलं, हळहळली, पण खुर्ची मात्र फोटो होईपर्यंत कोपऱ्यातच राहू दिली. एवढी एक गोष्ट तिला पुढे फार दिवस टोचत राहिली.

फोटोवाला आला, चहूबाजूंना बघत म्हणाला, "वा! इथे कोणी राहतं असं वाटतच नाही."

तिच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही. वहिनीच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ते उतरायला चार दिवस पुरले. सगळ्या घरांची कुलपं आणि पाहुण्यांची ये-जा सांभाळणारा मालकांचा एक माणूस होता. त्याला सगळे चावीवालाच म्हणत. तो जिन्यात भेटला आणि मोबाइलमधून मान न काढता म्हणाला, "पुढच्या महिन्यापासून तुमच्याकडे आणखी एक घर. पहिला मजला, डावीकडे."

नणंद खो खो हसली. "अहो, डावीकडे माझा बाप राहतो! त्यालाही धुवून वाळत घालायचं का?"

चावीवाल्याने मान वर केली आणि त्याचा चेहराच पडला. त्याला वाटलं होतं, यांना सांगून झालंय. नणंदेने त्याच्या हातातून मोबाइल ओढून घेतला. पडद्यावर वहिनीची खोली होती, तिची चादर होती, तिने घातलेल्या घड्या होत्या. खाली लिहिलं होतं: शांत, उजेडाचं, नुकतंच मोकळं झालेलं घर.

वहिनीने ते दोनदा वाचलं. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही पुसून, चकचकीत करून.

रात्री नवऱ्याचा फोन आला तेव्हा तो म्हणाला, "बघू दुसरीकडे. एवढी मोठी दुनिया आहे."

"दुनिया मोठी आहे हो, पण मामंजींचा हात एवढ्याच भिंती ओळखतो," ती म्हणाली. "मी इथून हलणार नाही." आवाज तिने जराही चढवला नाही. तिचा आवाज मुळातच चढत नसे. पण नवऱ्याला बायकोची ओळख होती. त्याने वडिलांच्या कंबरेची चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी ती मालकांकडे गेली. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "वहिनी, मी तुम्हाला सांगणारच होतो. करार तर संपलाच आहे. तुमचं काम कुठेही जात नाही, उलट एक घर वाढतंय."

"माझं घर कमी करून कामाचं घर वाढवताय मालक. हा हिशोब मला झेपायचा नाही."

"मग काय करणार तुम्ही?"

"राहणार," वहिनी म्हणाली. नमस्कार करून ती उठली आणि तशीच पालिकेच्या कार्यालयात गेली.

तिथल्या साहेबीणबाई थकलेल्या होत्या, पण ऐकून घेणाऱ्या होत्या. त्यांनी मालकांचा अर्ज काढला. घर रिकामं आहे, पाहुण्यांसाठी परवानगी मिळावी, असा अर्ज होता आणि सोबत फोटो जोडले होते. राहतं घर असेल तर परवानगी मिळत नाही, हे बाईंनी समजावून सांगितलं. मग फोटोंवर बोट ठेवून म्हणाल्या, "पण हे बघून तर मीही म्हणेन, इथे कोणी नाही."

"ते मीच आवरलंय बाई. माझं कामच ते."

"असेल. करारावरून कळतं की तुम्ही राहत होता. राहता आहात, हे माणसाने सांगावं लागतं. परवा दुपारी मी बघायला येते. इमारतीत राहणारं कोणीतरी, कोणीही एक, माझ्यासमोर उभं करा."

वहिनी एकेक मजला मनातल्या मनात फिरून आली. कोणाचं नाव सांगणार? एवढी मोठी इमारत, आणि तिला ओळखणारं एक माणूस त्यात उरलं नव्हतं.

घरी आल्यावर नणंद म्हणाली, "मी सांगते ना!"

"तुम्ही आता इथल्या कुठे वन्सं?"

नणंदेला ते लागलं, पण खरं होतं. मग ती पसारा करायला निघाली. "चार भांडी इकडे टाक, दोन कपडे लोंबव. राहतं दिसायला काय लागतं!" दोघींनी तासभर खटपट केली, पण वहिनीने टाकलेला टॉवेलसुद्धा शिस्तीत पडायचा. शेवटी मामंजी म्हणाले, "पोरींनो, पसारा मांडायचा नसतो, तो होत असतो. माझी खुर्ची तेवढी जागेवर आणा आणि गप बसा." वहिनीने खुर्ची आणली. कपाट उघडलं, औषधं, सदरे, चपला आपापल्या जागी गेल्या. घर पुन्हा घरासारखं दिसायला लागलं. पण बोलणारं माणूस मिळेना, ते मिळेना.

त्या रात्री देवापुढे हात जोडून ती बराच वेळ बसली. काही मागितलं नाही. देव पाठीशी उभा राहतो, पण पाय ज्याचे त्यानेच रोवायचे असतात, हे तिला पक्कं माहीत होतं.

परवाचा दिवस उजाडला आणि वहिनी जिना चढून वर गेली. बाकीच्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण पाहुण्यांना दिसायचं नाही, हा तिच्या धंद्याचा पहिला नियम. त्यांच्या अंथरुणांचा वाससुद्धा तिला ओळखता यायचा, तोंड मात्र एकाचंही पाहिलेलं नव्हतं. एवढ्या वर्षांत ती या दारांतून आत गेली ती फक्त घरं रिकामी असताना. आत माणूस असताना दार वाजवायला तिचा हात धजेना. तिने तो धजवला.

पहिल्या दारातला गृहस्थ "टॉवेल नकोत" म्हणाला आणि दार लागलं. दुसऱ्या दारामागे कोणी नव्हतं. तिसरं दार एका तरुण बाईने उघडलं. कडेवर तान्हं होतं आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"मी खालच्या मजल्यावर राहते," वहिनीने सुरुवात केली.

"म्हणजे ते पहाटेचे आजोबा तुमचे?" बाईच म्हणाली.

वहिनी दारापासून एक पाऊल मागे सरली. तक्रार आहे वाटतं! "हो. प्रार्थना म्हणतात. तंद्री लागते ना, म्हणून आवाज जरा..."

"जरा?" बाई हसली. "पहिल्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, चला, सामान भरा. पण हे पोर आहे ना, रात्रभर किरकिर करतं आणि आजोबांचा आवाज लागला की गुडुप झोपतं. आम्हाला झोप मिळते ती त्यांच्यामुळे. आज मधेच दोनदा थांबले. खोकला झालाय का त्यांना?"

वहिनीला वाटलं, या बाईचे पाय धरावेत. तिने धरले नाहीत. शांतपणे सगळं सांगितलं आणि विचारलं, "एवढंच सांगायला खाली याल का?"

दुपारी साहेबीणबाई आल्या, पाठोपाठ मालक आले. मालकांनी घरावर नजर फिरवली आणि म्हणाले, "बघा, कालपरवा सामान आणून मांडलेलं दिसतंय. ही मंडळी केव्हाच गेली होती. नाही म्हणणारं कोणी आहे का इमारतीत?"

"आहे की," दारातून आवाज आला. तान्हं घेऊन ती बाई उभी होती, मागे तिचा नवरा. तिने पहाटेची प्रार्थना सांगितली, खोकला सांगितला, रोज दुपारी खालून येणारा भांड्यांचा आवाज सांगितला. नवऱ्याने प्रार्थनेची चालसुद्धा गुणगुणून दाखवली, तीही बेसूर. मामंजी म्हणाले, "दुसरी ओळ चुकली बघ तुझी."

साहेबीणबाईंनी विचारलं, "तुम्ही इथे कधीपासून?"

"चार दिवस झाले. उद्या निघतोय."

बाईंनी चष्मा काढला. हसू आवरायला काढला असावा. "मालक, तुमच्या इमारतीतला सगळ्यात जुना शेजारी चार दिवसांचा!"

"पाहुण्यांचं बोलणं धरायचं का आता?" मालक पहिल्यांदाच गोडवा विसरून बोलले.

"तुम्हीच लिहिलंय ना अर्जात, पाहुण्यांना इथे घरच्यासारखं वाटतं म्हणून? मग बोलू द्या की घरच्यासारखं." त्यांनी अर्जावर शेरा मारला: राहतं घर, परवानगी नाही. निघताना वहिनीकडे वळल्या. "हे कायमचं समजू नका. ते पुन्हा अर्ज करतील, मी पुन्हा येईन, आणि तेव्हा सांगून येणार नाही. तेव्हाही कोणीतरी लागेल."

"असेल," वहिनी म्हणाली.

मालक जिन्यात थांबले. "उद्यापासून कामाला येऊ नका वहिनी."

पोटावर पाय येणार हे तिला आधीच माहीत होतं. "बरं मालक. भाडं मात्र वेळेवर पाठवीन, ते घ्यायला चुकू नका."

"आणि माझंही काम त्यातच धरा," नणंद मागून ओरडली. "तुमच्या चादरी आता तुम्हीच झटका!" मग मालक दिसेनासे झाल्यावर हळूच म्हणाली, "वहिनी, दवाखान्याच्या धुलाईत बायका घेतायत म्हणे. उद्या लवकर जाऊ. उगाच मिजास केली मी, घरी काय सांगू?"

"सांगा, भावजयीने बिघडवलं."

दुसऱ्या दिवशी ती तान्ह्याची आई निरोप घेऊन गेली. दवाखान्यातून दोघी परत आल्या, काम होईलसं दिसत होतं. संध्याकाळी चौकात चाकांच्या बॅगांचा खडखडाट झाला. वर नवी माणसं आली होती. त्यांची पावलं, दारं, नळ, सगळं वहिनी ऐकत बसली. त्यांना जरा टेकू दिलं, मग तिने केस नीट केले.

"कुठे निघालीस?" मामंजींनी विचारलं.

"वर. हेही चार दिवसांत जातील, मग पुढचे येतील. जेवढे येतील तेवढ्यांना भेटायचं ठरवलंय. नेमच धरलाय म्हणा."

"मोठा नेम धरलास बाई. जन्मभर जिने चढशील."

"चढेन."

मामंजी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले. "थांब, मलाही ने. पहाटे झोप मोडणार तो मी, तर तोंडही माझंच बघू देत."

तिने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला. दोघं सावकाश जिना चढली. वर दारामागे कोणीतरी हसत होतं, कोणीतरी नळ बंद करायला सांगत होतं. वहिनीने दार वाजवलं. दार उघडताच तिने समोरच्या अनोळखी माणसाकडे सरळ पाहिलं.

"नमस्कार. आम्ही खालच्या मजल्यावरचे. इथेच राहतो."