शेवटच्या ओळीतला पत्ता

मी एक जुना मसुदा आहे. मित्रांनो, मसुदा म्हणजे फार मोठे काही नाही. दोन पाने मजकूर. 'आमच्या परिषदेला या, येताना शोधनिबंध लिहून आणा' एवढेच मला सांगायचे असते, पण ते सांगायला मला दोन पाने लागतात. चित्र, आवाज, चलचित्र आणि अक्षरे या चौघांना एका संगणकात गुण्यागोविंदाने नांदवायचे कसे, यावर डोके शिणवणारी माणसे वर्षातून तीन दिवस एकत्र जमतात. त्या जमण्याला बहुमाध्यम संगणन परिषद म्हणतात. त्या माणसांना बोलावण्याचे काम माझे. मी आता दमलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कुठे मी कुरकुरलो तर राग मानू नका.

माझा जन्म एका महाविद्यालयाच्या संगणक विभागात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत झाला. तिथली खिडकी नीट लागत नसे, म्हणून फटीत पुठ्ठ्याची घडी खुपसलेली होती. मला लिहिले विभागातल्या थोरल्या सरांनी, तेही दोन बोटांनी. एक वाक्य झाले की ते मोठ्याने वाचत. जीभ अडखळली की वाक्य पुसत. दोन पानांना नऊ दिवस लागले. तेव्हा माझ्या अंगावर फक्त पाच विषय होते आणि सगळ्यात खाली एक ओळ होती : 'शोधनिबंध पुढील पत्त्यावर पाठवावेत.' तिच्यापुढे सरांनी स्वतःचा ईमेलचा पत्ता घातला, कारण विभागाला तेव्हा पत्ताच नव्हता.

"स्वतःचा पत्ता दिला की माणसाला अंग काढून घेता येत नाही," सर म्हणाले होते.

सरांचे नियम दोनच. आलेला प्रत्येक निबंध स्वतः वाचायचा आणि लिहिणाऱ्याला शंका कळवायच्या, हा पहिला. मुदत संपेपर्यंत निबंध कोणाला दाखवायचा नाही, किती आले तो आकडासुद्धा सांगायचा नाही, हा दुसरा. कोणाची वशिलेबाजी नको, कोणाची भीडभाड नको. मुदतीच्या दिवशी सर सगळे निबंध छापून, गठ्ठ्याला दोरी बांधून समितीपुढे ठेवत. मुदत म्हणजे मुदत. ती एकदाही वाढली नाही.

पहिल्या वर्षी अकरा निबंध आले. त्यातला एक सरांच्याच विद्यार्थिनीचा होता. सरांनी तिच्या निबंधावर तेवीस शंका काढल्या. ती जिन्यात बसून रडली, मग डोळे पुसून तिने सगळा निबंध नव्याने लिहिला आणि परिषदेत वाचला. टाळ्या पडल्या. ती मुलगी आज त्याच विभागात शिकवते. तिला सगळे मॅडम म्हणतात. तिची गोष्ट पुढे येईलच.

ते दिवस चांगले होते. 'इतके सरळ आवाहन आम्ही कुठे वाचले नाही,' असे एका दूरच्या प्राध्यापकांनी कळवले, तेव्हा सरांनी माझी एक प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवली. मला जरा गर्वच झाला, खोटे कशाला बोलू!

मग माझे ओझे वाढत गेले. समितीतल्या प्रत्येकाला स्वतःचा विषय माझ्यात हवा असे. घालायला सगळे पुढे, काढायला कोणी नाही. एखाद्याचा विषय काढला तर तो वर्षभर अबोला धरी. पाचाचे सत्तावीस झाले. 'तबकडीत चलचित्र मावेल कसे' हा चौथा विषय तर जन्मापासून माझ्या मानेवर बसला आहे. तबकड्या गेल्या, त्या विकणारी दुकाने गेली, मी आपला अजून विचारतोच आहे.

पंधरा वर्षांनी सर निवृत्त झाले. फुले, तीन भाषणे आणि भिंतीवरचे घड्याळ देऊन त्यांना निरोप दिला. 'सर, तुमचे मार्गदर्शन लागेलच,' असे प्रत्येक जण म्हणाला. त्यानंतर त्यांना कोणी फोन केला नाही. मलाही 'जुने' नावाच्या एका कप्प्यात टाकले. माझी नक्कल करून तिच्यात विभागाचा नवा पत्ता घातला आणि मग तीच दर वर्षी गावभर फिरू लागली.

त्या नकलेचे हाल मात्र मला बघवत नव्हते. आधी मुदत पंधरा तारखेची. मग लाल अक्षरांत 'मुदतवाढ'. मग 'अखेरची मुदतवाढ'. मग, हसू नका, 'खरोखर अखेरची मुदतवाढ'. लोकही शहाणे झाले. पहिली तारीख खरी नसतेच, हे सगळ्यांना पाठ झाले. निबंध कमी कमी होत गेले आणि गेल्या वर्षी बावीसच आले.

यंदा परिषदेची जबाबदारी मॅडमवर आली. दिवसाला चार तास शिकवणे, पेपर तपासणे, त्यात हे. विभागप्रमुखांनी पहिल्याच बैठकीत बजावले.

"हे बघा मॅडम, तीसच्या खाली निबंध आले तर परिषद बंद. कायमची. लोकांना नको असेल तर आपण कशाला गळ्यात बांधून घ्यायची?"

खोलीत येऊन मॅडमनी गेल्या वर्षीची ती लालेलाल नक्कल उघडली आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, हे काय आहे! सरांचा मसुदा किती स्वच्छ होता."

त्यांनी 'जुने' कप्पा उघडला. मी तिथे होतो. काय सांगू तुम्हाला! तीन वर्षांनी कोणाची तरी नजर माझ्यावर पडली होती. मॅडमनी वर्ष बदलले, तारखा बदलल्या, माथ्यावर स्वतःचे नाव आणि फोन नंबर घातला, सत्तावीस विषयांखाली आणखी चार लिहिले. तेवढ्यात तासाची घंटा झाली. शेवटच्या ओळीपर्यंत त्या पोचल्याच नाहीत. त्या ओळीत अजून थोरल्या सरांचा पत्ता होता.

मी ओरडलो असतो हो. पण मला तोंड कुठे आहे? मला फक्त अक्षरे आहेत, आणि ती कोणी वाचली तरच बोलतात. मॅडमनी मला चार हजार लोकांना पाठवून दिले.

माझे एक बरे आहे, वाईटही तेच. माझी प्रत जिथे असते तिथे मी असतो. म्हणून त्या दिवशी मी सरांच्या घरीही पोचलो. सरांनी मला छापून घेतले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. चार हजारांत असे वाचणारे ते एकटेच असतील. शेवटच्या ओळीवर त्यांचे बोट थांबले.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी काकूंना हाक मारली. "पोरीनं माझाच पत्ता ठेवलाय. विसरली नाही ती मला."

त्यांनी मला कपाटाच्या दाराला चिकटवले आणि चष्मा पुसून बसले. निबंध येऊ लागले. सर प्रत्येक निबंध छापत, वाचत, शंका काढत आणि लिहिणाऱ्याला पाठवत. निवृत्तीनंतर अकरा वाजेपर्यंत लोळणारा माणूस सहाला उठू लागला. काकू म्हणायच्या, "एवढं काय आहे त्यात?" सर म्हणायचे, "विभागाचं काम आहे." ते ऐकून मला मात्र अपराध्यासारखे वाटे.

इकडे विभागाची पेटी रिकामी. मॅडम रोज सकाळी उघडून बघत. दहा तारीख, शून्य. बारा तारीख, शून्य. सहकारी धीर देत होते, "अहो, आपली माणसं मुदतवाढीशिवाय हलत नाहीत. येतील." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. पंधरा तारखेलाही शून्यच राहिले. मॅडमनी थकून माझ्या डोक्यावर लाल अक्षरांत लिहिले : मुदतवाढ, पंचवीस तारखेपर्यंत. माझ्या जन्मात मला पहिल्यांदा हा लाल डाग लागला.

त्याच वेळी सर घरी पायांत बूट घालून तयार होते. हातात गठ्ठा होता. एकसष्ट निबंध, दोरी बांधलेली. निघता निघता त्यांनी संगणकावर नजर टाकली आणि तिथे लाल मी.

सर खाली बसले आणि बुटाच्या नाड्या सोडू लागले.

"काय झालं?" काकूंनी विचारले.

"मुदत वाढली. आता पंचवीसपर्यंत द्यायचे नाहीत."

"अहो, निदान फोन करून सांगा तरी, एवढे आलेत म्हणून!"

"मुदतीआधी आकडा सांगायचा नाही. माझाच नियम आहे, मीच मोडू?"

घ्या! निबंध नाहीत म्हणून मॅडमनी मुदत वाढवली, आणि मुदत वाढली म्हणून निबंध अडकले. दोन्ही घरचा पाहुणा मी, दोन्हीकडे मुका.

विभागप्रमुख पंचवीसपर्यंत थांबायला तयार नव्हते. सभागृह हवे की नको, ते एकवीस तारखेला कळवायचे होते. "एकवीसला बारा वाजता बैठक. शून्याचे तीस कधी होणार मॅडम? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येईल?" मॅडम खोलीत परत आल्या आणि खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या. ज्या परिषदेत त्या पहिल्यांदा उभ्या राहून बोलल्या होत्या, ती त्यांच्याच हातून बुडत होती. 'सरांना काय तोंड दाखवू?' असे त्या पुटपुटल्या. ते मी ऐकले.

एकवीस तारखेला सकाळी साडेदहाला त्यांचा फोन वाजला. दूरच्या गावची एक संशोधक मुलगी बोलत होती.

"मॅडम, मला चार दिवस जास्त मिळतील का? थोरल्या सरांनी माझ्या निबंधावर सतरा शंका काढल्यात हो. बरोबर आहेत सगळ्या, पण सतरा म्हणजे..."

"कोणी काढल्यात?"

"थोरल्या सरांनी. निबंध त्यांच्याकडेच पाठवायचे होते ना? तुमच्या पत्रकात तसंच लिहिलंय."

मॅडमनी मला उघडले. या वेळी त्या वाचत वाचत खाली आल्या. एकतीस विषय ओलांडले, तबकडीवर जरा अडखळल्या आणि शेवटच्या ओळीवर पोचल्या. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग पर्स तशीच टेबलावर टाकून त्या धावत सुटल्या.

सरांचे घर दहा मिनिटांवर. दार काकूंनी उघडले. मॅडमना धाप लागली होती. "सर, निबंध..."

"पंचवीसला," सर शांतपणे म्हणाले. "तूच वाढवलीस ना मुदत?"

"सर, बारा वाजता परिषद बंद होतेय! त्यांना वाटतंय, एकही निबंध आला नाही."

सर ताडकन उठले, कपाटातून गठ्ठा काढला आणि मॅडमच्या हातात ठेवला. आता तो ब्याऐंशी निबंधांचा झाला होता. नियम मोडताना त्यांचा हात जरासुद्धा थांबला नाही. मग त्यांनी विचारले, "पण तुला ठाऊक होतं ना, माझ्याकडे आहेत ते? तूच तर पत्ता ठेवला होतास."

मी कपाटाच्या दारावरून बघत होतो. खोटे बोलणे सोपे होते. 'हो सर' एवढेच म्हणायचे होते. मॅडमचे डोळे भरले.

"नाही सर. मी शेवटची ओळ वाचलीच नव्हती. चुकून राहिला तुमचा पत्ता." त्या थांबल्या. "बोलवायला हवं होतं तुम्हाला. आम्ही कोणीच बोलावलं नाही."

गठ्ठ्याची गाठ सैल झाली होती, ती सरांनी वाकून आवळली.

"जा तू," ते म्हणाले. "बारा वाजतील."

बैठकीत गठ्ठा टेबलावर आदळला तेव्हा विभागप्रमुखांनी चष्मा काढला आणि परत घातला. परिषद झाली. ब्याऐंशींपैकी पन्नास निबंध वाचले गेले. सर आले होते. मागच्या रांगेत बसले आणि पहिल्याच निबंधाला शंका विचारायला उभे राहिले. पण शेवटच्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी मला कपाटाच्या दारावरून काढले, घडी केली आणि खणात ठेवले. परत सकाळी अकरापर्यंत लोळणे सुरू झाले. ते वर्ष मला फार जड गेले, मित्रांनो.

काल मॅडमनी मला पुन्हा उघडले. दार लावून घेतले आणि मला मोठ्याने, अगदी सरांसारखे, जीभ अडखळली की थांबत वाचले. तबकडी काढली. एकोणीस वर्षांचे मानेवरचे ओझे गेले हो! लाल डाग पुसला. शेवटच्या ओळीपाशी त्या थांबल्या. सरांचा पत्ता अजून तिथेच होता. त्यांनी फोन लावला.

"सर, मसुदा वाचला. शेवटपर्यंत. तुमच्या पत्त्याला हात लावलेला नाही. या वेळी विचारून ठेवतेय. चालेल ना?"

सर म्हणाले, "मुदत वाढवणार असशील तर नको."

"नाही वाढवणार, सर."

"मग पाठव."

आज मी पुन्हा चार हजार ठिकाणी निघालो आहे. पाय दुखतात, पण जातो. तुमच्याही हाती कधी असा जुना मसुदा येईल. त्याची नुसती तारीख बदलून त्याला पुढे ढकलू नका, एवढीच माझी विनंती आहे. तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. तिथे कोणाचा तरी पत्ता असतो, आणि तो माणूस घरीच असतो.